औषधाला विटाळ नसतो

रविवारी आमच्या घरात बोंबील शिजायचे, पण ते कधीच वेळेवर नाही. कळसच्या आमच्या वस्तीवर बाकीच्या चुली सकाळी सात-आठलाच धुरायला लागत. आमची मात्र अंगणातला शेवटचा माणूस उठून गेल्याशिवाय पेटत नसे. कावीळ झालेल्या माणसाला फोडणीचा वास सहन होत नाही, नुसत्या वासानं त्याला उमळून येतं, म्हणून आई रविवारी औषध देऊन होईपर्यंत चुलीत काडी घालायची नाही. चहासुद्धा नाही. मी आणि तात्या, म्हणजे माझे वडील, शनिवारची शिळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन गप्प बसायचो. कधी एक वाजायचा, कधी दोन. मग आई हात धुऊन आत यायची, तवा टाकायची, आणि त्यावर बोंबील भाजल्याचा तो खमंग, नाकात शिरणारा वास सुटला की आमचा रविवार सुरू व्हायचा. आज माझ्या बारामतीच्या घरात गॅस आहे, मिक्सर आहे, रविवारी कोणी येत-जात नाही. तरीसुद्धा सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर फोडणी टाकायला माझा हात अजून धजत नाही.

तात्या पाटकरी होते. कालव्याचं पाणी कोणाच्या शेताला किती तास जाणार, कोणती दारं कधी उघडायची आणि कधी पाडायची, हे त्यांचं काम. सायकलीच्या दांडीला लोखंडी किल्ली बांधून ते दिवसभर पाटाच्या कडेनं फिरत. शनिवारी संध्याकाळी परतताना त्यांच्या मागच्या कॅरियरवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली भुईआवळी असायची. वीतभर उंचीचं झाड, चिंचेसारखी बारीक पानं, आणि पान उलटं केलं की देठाखाली ज्वारीच्या दाण्याएवढ्या हिरव्या गोळ्यांची रांग. पाटाच्या ओलीला ते माजायचं. लोक त्याच्यावरून चालत जात, कोणाच्या ध्यानातही यायचं नाही. आई ते मुळासकट घ्यायची, तीन पाण्यांनी धुवायची आणि पहाटे पाट्यावर वाटायला बसायची. वरवंट्याचा तो जड, ओला आवाज ऐकत माझी झोप उडायची. वाटलेला गोळा धुवट कापडात पिळला की गडद हिरवा रस निघे. मी एकदा बोट बुडवून चाटला होता. कडूजहर. दुपारच्या बोंबलांनाही त्याची चव लागली होती.

हे औषध आईकडे तिच्या माहेराहून आलं होतं. त्याच्याबद्दल ती कोणाकडून काही घेत नसे. तीन रविवार अनशापोटी रस, आणि एकवीस दिवस पथ्य: तेल नाही, तिखट नाही, मटण-मासे नाहीत, दारूचं तर नावही नाही. ज्वारीची भाकरी, मुगाचं बिनफोडणीचं वरण, ताक, आणि ऊस चावून खायचा. राबायचं नाही, पडून राहायचं. “शेतात दिसलास तर म्होरल्या रविवारी येऊ नगं,” असं ती मोठ्या बागायतदारालाही सांगायची आणि तो मान हलवायचा. 

पण रस देण्याआधी आई माणूस बघायची, आणि त्याला वेळ लागायचा. डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. नखं दाबून सोडायची. लघवीचा रंग विचारायची, झोप दिवसा येते की रात्री ते विचारायची. आज वार कोणता, काल रात्री काय खाल्लं, असलं बोलता बोलता विचारायची. मग म्हणायची, “हात फुडं करा. भित ढकलल्यावानी पंजं हुबं धरा.” आणि पाहत राहायची. पंजे थिर राहिले तर रस. ते मधूनच गळून पडले आणि पुन्हा उठले, दमलेल्या पाखराच्या पंखासारखे, तर ती रसाचं भांडं झाकून ठेवायची. “ह्यास्नी बारामतीला न्या. आत्ताच्या आत्ता. घरी जाऊन आंगूळ-बिंगूळ करत बसू नगा.” पोटुशी बाई आली की हेसुद्धा काही नाही. तिला बघताच आई पाट्यावरून उठायची. तिची स्वतःची थोरली बहीण सातव्या महिन्यात काविळीनं गेली होती, लेकरासकट. त्या बाईबरोबरचे लोक कितीही तणतणले, हातापाया पडले, तरी आई थेंब द्यायची नाही. तात्यांना एस.टी. थांबवायला फाट्यावर पिटाळायची आणि बाई गाडीत बसली हे कळेपर्यंत दारातच उभी राहायची.

पुढं शिकवायला लागल्यावर एका वैद्यकाच्या पुस्तकात मला ते गळून पडणारे पंजे सापडले. यकृत हरलं की डोक्यात विष चढतं, त्याची ती खूण. परदेशी डॉक्टरांनी तिला नाव दिलेलं आहे. मी पुस्तक मिटलं आणि त्या दिवशीचा तास घेतला नाही.

आमच्याकडे येणारे बहुतेक लोक ऊसवाले, गावातले, आसपासच्या खेड्यांतले. एरवी बांधावर भेटले तर ते आईला “शेवंते” म्हणायचे. डोळे पिवळे झाले की “शेवंतामावशी”. रस प्यायला ते आपापल्या घरून वाटी आणायचे, वाटीत दूध आणायचे. आई वरून रस ओतायची, तिचं भांडं त्यांच्या वाटीला लागणार नाही इतक्या उंचीवरून. हे कोणी तिला सांगितलेलं नव्हतं. तिचा हातच तसा शिकला होता. बसायला ते स्वतःची पोती आणायचे. आमच्या अंगणात कडुनिंबाखाली पाण्याचा माठ होता, पण उन्हात तीन-तीन तास बसूनही त्या माठाकडे कोणी जात नसे. आमचं घर बुद्धाचं होतं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. माझ्या आज्यानं सगळं सोडून दिलं होतं. लोकांनी काहीच सोडलं नव्हतं.

एकटी नंदा वेगळी होती. नंदा माझ्या वर्गातली, पाटापलीकडच्या मळ्यातली. तिचे वडील बापूराव कारखान्याचे सभासद, दारात ट्रॅक्टर. रविवारी दुपारी ती पुस्तक मागायच्या निमित्तानं यायची आणि आई न विचारता तिच्यापुढं ताटली सरकवायची. ती बोंबील काट्यासकट चावून खायची, तोंडाला वास येऊ नये म्हणून जाताना पेरूची पानं चघळायची. एकदा तिची आई, हौसाकाकू, तिला शोधत आमच्या दारापर्यंत आली आणि तिला जेवताना बघून दारातच थबकली. मग म्हणाली, “उरक की गं, बापू वाट बघत्यात.” घरी जाऊन नंदाला मार बसला की नाही ते तिनं कधी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी ती आली. बारावीनंतर तिचं लग्न कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका घरात झालं, आणि मी बारामतीला कॉलेजात गेले.

एस.टी.नं रोज जाऊन-येऊन बी.एस्सी. केलं. भवानीनगर जवळ आलं की साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास खिडकीतून आत यायचा आणि मला कळायचं, घर तासभर मागं राहिलं. एम.एस्सी.ला मात्र बारामतीतच खोली घेतली. शेवटच्या वर्षी प्रबंध करायचा होता. आमच्या मार्गदर्शकांना सगळे नुसतं “सर” म्हणत. यकृताला इजेपासून वाचवणारी वनस्पतींतली द्रव्यं हा त्यांचा विषय. त्यांना कुठून तरी कळलं होतं की माझी आई काविळीचं औषध देते. मला बोलावून म्हणाले, “तुझ्या घरातच प्रबंध आहे आणि तू बाहेर काय शोधतेस?” मला आकाश ठेंगणं झालं. वर्गात बाकीची मुलं पुस्तकातून विषय घेत होती. माझा विषय माझ्या आईनं पाट्यावर वाटला होता. त्या रविवारी घरी येऊन मी वही घेऊन तिच्यापुढं बसले. झाड कधी उपटतेस, किती वाटतेस, रस किती, कशात. ती संकोचून सांगत होती, मध्येच हसत होती. “ह्ये लिवून काय करनार गं?” मी म्हणाले, “जगाला कळेल.” तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी नंतर पुन्हा पाहिलं नाही. ती माणूस कशी बघते, ते मात्र मी विचारलं नाही. ते मला औषधाचा भाग वाटलंच नाही.

प्रयोगशाळेच्या मागं पत्र्याच्या खोलीत पांढरे उंदीर होते. त्यांना यकृत जाळणारं रसायन टोचायचं, काहींना आधी-नंतर झाडाचा अर्क पाजायचा, मग रक्त तपासायचं आणि शेवटी यकृत कापून बघायचं. अशी ती पद्धत. उंदरांचे गट केले. एका गटाला नुसतं विष. एका गटाला बाजारातलं माहीत असलेलं औषध. एका गटाला अल्कोहोलमध्ये काढलेला भुईआवळीचा अर्क, विषाच्या आधी आठवडाभर रोज. आणि एका गटाला, माझ्या हट्टामुळं, आईच्या पद्धतीनं वाटून पिळलेला रस, विष दिल्यानंतर; कारण आमच्याकडे माणूस पिवळा झाल्यावरच येतो. उन्हाळाभर मी त्या खोलीत राबले. उंदीर धरताना बोटं फोडून घेतली. निकाल आले. अल्कोहोलचा अर्क आधी पाजलेल्या उंदरांची यकृतं पुष्कळच वाचली होती. आईच्या रसाचा गट आणि नुसत्या विषाचा गट यांच्यात काहीही फरक नव्हता. काचपट्टीवर दोन्ही सारखेच जळालेले. मी पुन्हा करून पाहिलं. तेच.

त्या शनिवारी मी घरी आले ती हे मनात घेऊन. आईला सांगायचं का, कसं सांगायचं, याचा विचार करत होते. आषाढ होता, काविळीची साथ होती. रविवारी अंगण भरलं. मी ओट्यावर बसून माणसं बघत होते. ती ओतण्याची उंची, ती पोती, ते मावशी-मावशी. लहानपणापासून पाहिलेलं, पण शहरात राहून आल्यावर ते डोळ्यांत मिठासारखं चुरचुरायला लागलं होतं. रंगनाथअण्णा नावाचे गावातले एक वजनदार गृहस्थ आठेक वर्षांच्या नातवाला घेऊन आले होते. पोरगं पिवळंजर्द, पण हुशार. रस प्यायलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि सरळ माठाकडे गेलं. गडू उचलणार तोच अण्णांनी त्याचा हात झटकला.

“घरी जाऊन पी.”

“लई कडू लागतंय आजा. घोटभर.”

“न्हाय म्हटलं ना.”

पोरगं विचारात पडलं. “पर औषध तर हितलंच पिलो की.”

अण्णा हसले. आजूबाजूचे दोघे-तिघेही हसले, पोराच्या हुशारीचं कौतुक केल्यासारखे. अण्णा म्हणाले, “औषधाला इटाळ नसतो, बाळा.”

आई पुढच्या वाटीत रस ओतत होती. तिचा हात थांबला नाही. तिनं मानही वर केली नाही. तिचं ते न थांबणंच मला सोसवलं नाही.

मी ओट्यावरून उतरले. म्हणाले, “अण्णा, विटाळ नसतो तसं त्यात औषधही नसतं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता, पण शब्द मात्र स्पष्ट, कॉलेजात बोलते तसे येत होते. “मी बारामतीला तपासून पाहिलंय. उंदरांची यकृतं खराब केली, आईच्याच पद्धतीनं केलेला रस पाजला. काहीही फरक पडला नाही. तुमची कावीळ आपली आपण उतरते. तुम्ही उगाच आमच्या दारात येता.”

मला त्या लोकांचं थोबाड फोडायचं होतं. ज्या एका गोष्टीसाठी ते आमच्या अंगणात पाय टाकत होते, ती गोष्टच नाही म्हणून सांगायचं होतं. अण्णांचा चेहरा खरंच उतरला. पण मी वळले तेव्हा आई उभी होती, हातात अर्धं भांडं.

“सुजे, खरं का ह्ये?”

“खरं आहे.”

“दोनदा बघितलंस?”

“दोनदा.”

तिनं थोडा विचार केला. मग अगदी साध्या आवाजात, जणू एखाद्या पत्त्याची चौकशी करावी तसं विचारलं, “मंग मी इतकी वर्सं काय करत व्हते?”

आणि मी म्हणाले, “काही नाही.”

मी आयुष्यात पुष्कळ बोलले. वर्गात बोलले, सभांत बोलले, नवऱ्याशी भांडले, पोरांना लागेल असं बोलले. त्यातलं पुष्कळ विसरले. हे दोन शब्द मात्र माझ्या जिभेवर अजून तसेच आहेत.

आईनं भांड्यातला रस शेवग्याच्या बुडात ओतला. ज्यांची पाळी यायची होती त्यांना म्हणाली, “जावा बाबानू. पोरगी शिकल्याली हाय, तिला कळतंय. दवाखान्यात जावा.” पाटा धुतला, वरवंटा धुतला, दोन्ही भिंतीला टेकवून उभे केले. लोक आपापल्या वाट्या झाकून निघून गेले. त्या दिवशी बोंबील लवकर झाले. जेवताना तात्या माझ्या ताटाकडे बघत म्हणाले, “तू त्यास्नी मारायला गेलीस, पोरी, आन लागलं हिला.” मी म्हणाले, “खोटं सांगू का मग?” ते म्हणाले, “तसं न्हाय म्हणत मी.”

सोमवारी मी कॉलेजात गेले. मनात कुठंतरी अभिमानही होता, हे कबूल करायला हवं. सत्य सांगितलं होतं. मग प्रबंध लिहायला घेतला तेव्हा सरांनी मसुदा वाचला आणि रसाच्या गटाची पानं लाल पेन्सिलीनं खोडली. “हे कशाला? अर्काचा निकाल चांगला आलाय, तेवढाच ठेव. काही झालं नाही असं कोणी छापत नाही.” मी म्हणाले, “पण तो केलाय प्रयोग.” ते म्हणाले, “केलास ना? शिकलीस ना? बास.” प्रस्तावनेत मी आईचं नाव घातलं होतं, तेही गेलं. त्याजागी आलं, “या परिसरात सदर वनस्पती काविळीवर पारंपरिकरीत्या वापरली जाते.” म्हणजे ज्या निकालानं मी आईचा पाटा भिंतीला लावला, तो निकाल कुठल्याही कागदावर उरला नाही. तो फक्त आमच्या अंगणात सांगितला गेला.

गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो? शेवंताच्या औषधात राम नाही, तिच्याच पोरीनं सांगितलं. काही लोक दवाखान्यात जायला लागले, हे खरं आहे. पण सगळे नाही. नीरेच्या पलीकडं एक माळवाला होता. तो काविळीच्या माणसाच्या गळ्यात कसल्याशा काटक्यांची माळ घालायचा. काटक्या वाळल्या की दोरा सैल होऊन माळ रोज थोडी लांबायची, आणि माळ खाली उतरेल तशी कावीळ उतरते असं लोक म्हणायचे. तो कोणाची पापणी ओढून बघत नव्हता. त्याच्या दारातून कोणी परत पाठवलं जात नव्हतं.

भाद्रपदात नंदा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा लागला होता. ती आली हे मला माहीत होतं, पण प्रबंधाच्या गडबडीत भेटायला जायचं राहिलं. तिला ताप आला, अन्न जाईना, डोळे पिवळे दिसायला लागले. सासरकडून निरोप आला, बोभाटा करू नका, नजर लागेल, माळ घाला. तरीही हौसाकाकू एका गुरुवारी आमच्या दारात आली. मी नव्हते. तात्या ओट्यावर होते, त्यांनी पुढं मला जसंच्या तसं सांगितलं.

“शेवंतामावशी, वाईच रस दे की.”

“मी देत न्हाय आता.”

“एवढ्या येळेला दे. घरात झालीया कावीळ.”

“त्यात काय न्हाय, काकू. सुजीनं तपासलंय. उगं कशाला पाजायचा?”

हौसाकाकू थोडा वेळ उभी राहिली. आई ज्वारी पाखडत होती, ती पाखडतच राहिली. मग काकू निघून गेली. कोणाला कावीळ झाली आहे, ते काकूनं सांगितलं नाही. आणि ज्या बाईनं उभ्या हयातीत माणूस बघितल्याशिवाय कोणाला हो किंवा नाही म्हटलं नव्हतं, तिनं त्या दिवशी विचारलं नाही.

नंदाच्या गळ्यातली माळ बेंबीपर्यंत उतरली तेव्हा घरात सगळ्यांना बरं वाटलं. पुढच्या सोमवारी सकाळी तिनं हौसाकाकूला सासूच्या नावानं हाक मारली आणि दिवसभर झोपून राहिली. मंगळवारी जीपमध्ये घालून तिला बारामतीला आणलं. मला वर्गात निरोप मिळाला. मी धावत दवाखान्यात गेले तेव्हा नंदा पलंगावर होती, तोंड सुजलेलं, ओठ फुटलेले, माझ्याकडे बघत होती पण मला बघत नव्हती. मी तिचा हात धरला. डॉक्टरांनी बापूरावांना बाहेर बोलावून विचारलं, “आठ दिवस काय करत होतात?” दुपारी तीनच्या सुमाराला ती गेली. बाळ आधीच गेलेलं होतं.

हौसाकाकू बाहेरच्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याशेजारी बसले. ती रडत नव्हती. तोडून घेतलेली ती माळ तिच्या मुठीत होती. ती म्हणाली, “तुझी आई औषध देत नव्हती पोटुशीला. मला ठावं व्हतं.”

“मग काकू, का आलात तिच्याकडं?”

“तिनं हाकलावं म्हणून. तिनं म्हटलं असतं बारामतीला न्या, तर ह्यांनी ऐकलं असतं. नंदाच्या सासरच्यांनीबी ऐकलं असतं. शेवंता न्हाय म्हंती म्हणजे काहीतरी हाय, असं समद्यांनी म्हटलं असतं. माझं एकटीचं कोन ऐकतंय?” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “ती मला म्हनली, त्यात काय न्हाय.”

मी दुसऱ्या दिवशी घरी गेले. आई स्वयंपाकघरात उंबऱ्यावर बसली होती. तिला कळलं होतं. तिनं मला पाणी दिलं, भाकरी वाढली. ती म्हणाली, “कोनाला झालीया ते मी इचारलंच न्हाय.” थोड्या वेळानं पुन्हा, “इचारलंच न्हाय मी.” त्या आठवड्यात ती हे वाक्य किती वेळा बोलली असेल! भांडी घासताना, पाणी भरताना, कोणी समोर नसताना. नंदाच्या दहाव्याला आम्ही गेलो नाही. जायचं म्हटलं असतं तर कोणी अडवलं असतं असं नाही. पण तिच्या दारात उभं राहून काय म्हणायचं, ते आम्हा दोघींनाही सुचलं नाही.

मला पहिला वर्ग मिळाला. बारामतीच्याच एका कॉलेजात नोकरी लागली. मी पुढची तीस वर्षं मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवलं. भुईआवळीचं पान उलटं करून तिच्या गोळ्यांची रांग दाखवताना मी दर वर्षी हेही सांगायचे की माझा प्रयोग खोटा नव्हता, पण तो आईच्या अंगणाला लागू नव्हता. एका दिवसात विषानं जाळलेलं उंदराचं यकृत वेगळं, आणि दूषित पाण्यातून आलेली माणसाची कावीळ वेगळी. आईचा रस गुणकारी होता का? ते मला आजही सांगता येत नाही. कोणी विचारलं तर मी दवाखान्यात जा म्हणते. ज्यांना रसानं बरं वाटलं त्यांना बहुधा पथ्यानं आणि विश्रांतीनं बरं वाटलं. आणि जे आईच्या दारातून मरणापासून वाचून गेले, ते रस न मिळाल्यामुळं वाचले. हे शेवटचं मी मुलांना कधी सांगितलं नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

तात्या गेल्यावर मी आईला बारामतीला आणलं. ती थकली होती, पण बसून राहायची नाही. एका दुपारी ती मेथी निवडत होती, मी पेपर तपासत होते. मला वाटलं, आता बोलावं. इतकी वर्षं बोलले नव्हते. मी म्हणाले, “आई, तो उंदरांचा प्रयोग होता ना, तो तसा पुरता बरोबर नव्हता. त्यावरून तुझं औषध वाया होतं असं म्हणता येत नाही.”

तिनं मेथीची काडी मोडली. “असूदे.”

“मी तेव्हा चुकीचं सांगितलं.”

“न्हाय गं. बरोबर सांगितलंस का चुकीचं, त्ये मला कुठं कळतंय?” ती पानं खुडत राहिली. मग म्हणाली, “घरात सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं. तूच शिकल्याली. रस बंद केला असता मी. पर अंगणात माणसं येऊ दिली असती. बघितलं असतं त्यास्नी. तू लोकांच्या देखत सांगितलंस, सुजे. मंग मला कोनाच्या डोळ्यात बघायचं तोंड ऱ्हायलं न्हाय.”

मी पेन खाली ठेवलं. काहीतरी म्हणायला हवं होतं. माफ कर म्हणायला हवं होतं. पण ती उठली, मेथी धुवायला मोरीवर गेली, आणि नळाच्या आवाजात मी जे बोलले असते ते तिला ऐकूही आलं नसतं.

त्यानंतर ती आणखी चार वर्षं जगली. मी ते कधी म्हटलं नाही.